न झालेल्या आजारांची नोंद

आजारी पडणे ही माणसाची फार जुनी खोड आहे, आणि कुठल्याही खोडीप्रमाणे तीही लाड केल्याने वाढते. ही गोष्ट आरोग्य विभागाच्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. विभाग आपला दवाखान्यामागून दवाखाने बांधत होता, आणि पाहावे तर प्रत्येक दवाखान्यात आजारी माणसे सापडत होती. जिथे दवाखाना नव्हता तिथे मात्र नोंदलेला रुग्ण औषधालाही नव्हता. शेवटी तज्ज्ञांची समिती बसली. ती अकरा महिने बसूनच होती (दोन सदस्यांना पाठीचे दुखणे लागले, ते पूर्वीपासूनच असावे, असे इतिवृत्तात नमूद आहे). उठताना तिने निर्णय दिला, की यापुढे आजार बरा करत बसायचे नाही, तो होऊच द्यायचा नाही. आणि माणसाची काळजी इमारतीने नव्हे, समुदायाने घ्यायची.

निर्णय चांगला होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढची हकिकत ऐकून तो वाईट होता असा गैरसमज होण्याचा संभव आहे.

सिस्टरांना हा निर्णय एका सोमवारी सकाळी कळला. बावीस वर्षे त्या त्याच आरोग्य केंद्रात ड्रेसिंगच्या खोलीत काम करत होत्या. माणसाचा चेहरा विसरतील, पण त्याची जखम विसरणार नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. त्या सोमवारी त्या आल्या तेव्हा रंगारी शिडीवर चढून 'ड्रेसिंग'वर पांढरा रंग फासत होता. दुपारपर्यंत तिथे 'आरोग्यसंपन्नता संवाद कक्ष' अशी अक्षरे उमटली. आतले टेबल भिंतीला लावून त्यावर पत्रके मांडली होती. कापूस, पट्ट्या आणि चिमटे कपाटात बंद करून कपाटावर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

"मग जखमा घेऊन येतील त्यांचं काय?" सिस्टरांनी विचारले.

डॉक्टर वयाने तरुण होते आणि परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या दुर्मीळ जातीचे होते. ते म्हणाले, "जखमा होणारच नाहीयेत, सिस्टर. पान चार."

"आणि झाल्यात त्या?"

डॉक्टरांनी पान पाच उलटून पाहिले, मग पान सहा. "त्या जुन्या पद्धतीतल्या आहेत," ते म्हणाले.

'रुग्ण' हा शब्दही त्याच दिवशी बंद झाला. त्याऐवजी 'सध्या अस्वस्थ नागरिक' म्हणायचे ठरले. 'सध्या' या शब्दात मोठा आशावाद आहे, असे परिपत्रकात कंसात म्हटले होते.

सिस्टरांच्या हाती एक खांद्याची पिशवी आली, चारशे घरांची यादी आली आणि नमुना क्रमांक सात आला. नमुन्यात एक्केचाळीस रकाने होते. त्यातला मुख्य रकाना 'न झालेले आजार' हा. जे झालेच नाही ते मोजायचे कसे, अशी शंका कोत्या मनाच्या माणसाला येईल. विभागाला ती आली नाही. धडधाकट माणसाला वर्षाकाठी सरासरी अडीच आजार होऊ शकतात, असे गणित मांडलेले होते. म्हणजे धडधाकट माणूस भेटला, की अडीच आजार टळले आणि तेवढे गुण जमा. आजारी माणूस भेटला, तर मात्र चार गुण वजा. या हिशेबाने सुज्ञ कर्मचाऱ्याने कोणाचे दार वाजवायचे आणि कोणाच्या दारावरून पाय न वाजवता पुढे जायचे, हे सांगायची गरज नव्हती. लसीकरणाच्या सिस्टर पहिल्याच आठवड्यात सर्वांच्या पुढे गेल्या. त्यांनी व्यायामशाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकली होती.

घरी सासूबाईंना हे सगळे समजावून सांगायला अर्धा तास लागला. सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे ठणठणीत माणसांकडे जाऊन तू विचारायचं, बरे आहात ना?"

"हो."

"आणि ते हो म्हणाले की तू लिहायचं, मी बरं केलं?"

"साधारण तसंच."

"अगं, मग ते काम मी करते की. तू घरी बस," सासूबाई म्हणाल्या, आणि खडा बाजूला काढला.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टर नऊ नंबरच्या इमारतीत गेल्या. चार मजले, चोवीस बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दारावरची पाटी वाचून त्या थबकल्या. तिथे किल्लीवाले काका राहत. काकांनी चाळीस वर्षे चौकात बसून किल्ल्या घासल्या होत्या. आता वय चौऱ्याहत्तर, घरात एकटे, साखरेचा आजार, आणि उजव्या तळपायाला एक जखम. ती जखम अकरा महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टरांच्या टेबलावर येत होती. तिची कड न् कड सिस्टरांना पाठ होती. खोली बंद झाल्यापासून काका दिसले नव्हते.

चार गुण वजा होणार, हे सिस्टरांना ठाऊक होते. त्यांनी दार वाजवले.

काकांनी दार उघडले आणि त्यांना पाहून आधी पाय दाराच्या मागे लपवला. "मी बरा आहे असं लिहा," ते म्हणाले. "खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलंय. आजारी निघालो तर तुमचे गुण जातात म्हणे."

"पाय दाखवा."

"सिस्टर, कशाला उगाच—"

"काका, पाय."

बावीस वर्षांत सिस्टरांनी अनेक वाईट पाय पाहिले होते, पण आपल्या हातातून सुटल्यामुळे बिघडलेला पाय त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. जखम दुपटीने वाढली होती आणि कडा काळवंडल्या होत्या. पिशवीत हात घातला तर पत्रके, पोटाचा घेर मोजायची फीत, रक्तदाबाचे यंत्र आणि 'मी निरोगी' असे लिहिलेले बिल्ले. त्या तशाच उठल्या, वीस मिनिटे चालत केंद्रात गेल्या, 'निरुपयोगी' कपाट उघडून त्यातला कापूस, पट्ट्या आणि मलम पिशवीत कोंबून परत आल्या.

पट्टी बांधून झाली. सिस्टर हात धुऊन आल्या आणि निघताना दाराशी काकांचे बूट त्यांच्या पायाला लागले. जुने, जाड तळाचे, कातडी बूट होते. का कोण जाणे, त्यांनी उजवा बूट उचलून आत हात घातला. बोटाला काहीतरी टोचले.

बुटात तळातून वर आलेला खिळा होता. टोक तांदळाच्या दाण्याएवढे, आणि बरोब्बर जखमेच्या जागी.

सिस्टर बूट हातात धरून तशाच खाली बसल्या. अकरा महिने त्या ही जखम धूत होत्या, आणि अकरा महिने हे बूट ड्रेसिंगच्या खोलीबाहेर काढलेले असत. खोली स्वच्छ राहावी म्हणून बूट बाहेर काढायची पाटी त्यांनीच लावली होती. काका पट्टी बांधून घेत, बाहेर जात आणि तोच खिळा पायात घालून घरी येत. साखरेमुळे तळपाय बधिर, त्यामुळे टोचल्याचे कळायचा प्रश्नच नव्हता.

"काका, हा खिळा कधीपासून आहे?"

काकांनी बूट डोळ्यांशी नेला आणि खिळ्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बुटाचा तळ सुटला होता. चांभाराकडे कशाला जायचं म्हणून मीच ठोकला. जन्मभर लोखंडात काम केलं मी, सिस्टर. मला खिळा मारता येत नाही असं कोणी म्हणालं असतं तर भांडलो असतो."

सिस्टर हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांनी काकांचीच हातोडी घेऊन तो खिळा ठोकून सपाट केला आणि वर बूटच जप्त केला. परिपत्रक बरोबर होते. माणसाच्या घरी गेल्याशिवाय त्याचा आजार कळत नाही, हे त्यात पान दोनवर लिहिले होते. फक्त ते लिहिणाऱ्याला कल्पना नव्हती, की हे खरे आहे.

संध्याकाळी नमुना भरताना अडचण आली. एक्केचाळीस रकान्यांत खिळा कुठेच बसेना. सिस्टरांनी 'इतर' या रकान्यात 'खिळा ठोकला' असे लिहिले. दोन दिवसांनी मुख्य कार्यालयातून आकडेवाल्यांचा फोन आला.

"सिस्टर, इमारत नऊच्या नमुन्यात खिळा असं आलंय."

"हो. बुटात होता."

"हा संसर्गजन्य आहे का?"

"अहो, खिळा आहे तो. लोखंडाचा."

"लोह. मग पोषणात टाकतो."

"पोषणात नका टाकू!"

"मग रकाना नाही, सिस्टर. आणि रकाना नाही म्हणजे तसं काही घडलेलं नाही." आकडेवाल्यांच्या आवाजात सहानुभूती होती. "शिवाय तुमचे चार गुण वजा दिसतायत. शेजारच्या बिऱ्हाडात कोणी धडधाकट नव्हतं का?"

सिस्टर डॉक्टरांकडे गेल्या. एक दिवसाआड काकांची पट्टी बदलावी लागणार होती आणि ती त्या बदलणारच होत्या. ती लिहायची कुठे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

"ड्रेसिंग म्हणजे उपचार," डॉक्टर कळवळून म्हणाले. "उपचार आपण बंद केलेत."

"मग पाय सडू द्यायचा?"

डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी परिपत्रक पुन्हा उघडले, दोनदा वाचले, आणि अकराव्या पानावर त्यांचा चेहरा उजळला. "सिस्टर, ही जखम अशीच राहिली तर काय होईल?"

"पाय कापावा लागेल."

"आणि तुम्ही गेलात तर?"

"नाही लागणार."

"मग तुम्ही ड्रेसिंग करतच नाही आहात! तुम्ही पाय कापण्याला प्रतिबंध करता आहात. दर भेटीला एक."

त्या दिवसापासून नमुन्यात एक दिवसाआड 'टळलेली पाय-शस्त्रक्रिया: एक' अशी नोंद जाऊ लागली. मोठ्या आजाराला गुणही मोठे होते. दहा आठवड्यांत सिस्टरांनी एकाच गृहस्थांचे पस्तीस पाय वाचवले. व्यायामशाळेचे फाटक मागे पडले. मुख्य कार्यालयातल्या नकाशावर सिस्टरांचा भाग गडद हिरवा झाला, आणि संचालक साहेब तो प्रत्यक्ष पाहायला निघाले.

साहेबांनी प्रतिबंधावर देशोदेशी भाषणे केली होती. मात्र लिफ्ट नसलेला जिना ते बऱ्याच वर्षांत चढले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला आणि ते काकांच्या स्टुलावर मटकन बसले. काकांनी पाणी दिले. सिस्टरांनी न विचारताच दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा पाहून डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी आकडा पाहून छताकडे पाहिले. खुद्द संचालकांना 'सध्या अस्वस्थ नागरिक' म्हणायचे, तर खात्याची अब्रू जाते. न म्हणावे, तर संचालकच जायचे. शेवटी 'जिन्यामुळे रक्तदाबात तात्पुरती प्रगती' अशी नोंद झाली.

"साहेब, उद्याच्या उद्या तपासून घ्या," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आणि ते बूट घट्ट आहेत तुम्हाला. काढा पाहू."

साहेबांनी आज्ञाधारकपणे बूट काढले. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी आस्थेने विचारले, "बाकीचे चौतीस नागरिक कुठे भेटतील?"

"सगळे मीच," काका म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र हळूहळू उभे राहिले. "एका नागरिकावर पस्तीस वेळा!" ते भारावून म्हणाले. "याला म्हणतात सखोल काम." मग काकांकडे वळून त्यांनी विचारले, "या पद्धतीचा तुम्हाला नेमका काय फायदा झाला?"

"सिस्टर येतात," काका म्हणाले.

(साहेबांच्या सचिवाने लिहून घेतले: 'लाभार्थ्यास पद्धतीची माहिती नाही. पत्रके द्यावीत.')

आठवडाभरात आदेश निघाला. सिस्टरांच्या कामाला 'सखोल पाय-प्रतिबंध प्रारूप' असे नाव मिळाले आणि ते इतरांना शिकवण्यासाठी त्यांची सहा महिन्यांकरता मुख्य कार्यालयात नेमणूक झाली. सोमवारपासून घरभेटी बंद. सिस्टर आदेश हातात घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, जखम आता कुठे नाण्याएवढी झालीय. मी इकडे बसले तर पट्टी कोण बदलणार?"

"समुदाय," साहेब म्हणाले. काही लोक 'परमेश्वर' ज्या स्वरात म्हणतात, त्या स्वरात म्हणाले. आणि त्यांनी पाहणीचा अहवाल पुढे सरकवला. आजारी शेजाऱ्याची काळजी समुदायाने घ्यावी का, या प्रश्नाला इमारत नऊमधल्या शहाण्णव टक्के लोकांनी 'होय' म्हटले होते. उरलेले चार टक्के घरी नव्हते.

सिस्टरांनी शनिवार-रविवार काढले आणि समुदाय शोधायला त्या नऊ नंबरात गेल्या.

पहिल्या मजल्यावरचे बँकवाले दार उघडताच म्हणाले, "फारच चांगली कल्पना आहे. आम्ही होय लिहिलंय."

"मग पट्टी बदलाल?"

"मी?" त्यांनी मागे वळून पाहिले, मागे कोणी नव्हते. "माझं ऑफिस असतं हो. वरच्या मजल्यावर विचारा ना, तिथे भली माणसं आहेत."

वरच्या मजल्यावरच्या भल्या माणसांनी त्याहून वरच्या मजल्याचे नाव सांगितले. चौथ्या मजल्यावर एका जोडप्याने सिस्टरांना सरबत दिले, काकांच्या एकटेपणाबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि खालच्या लोकांनी काहीतरी करायला हवे, असे ठाम मत दिले. एका ताईंनी तर लगेच फोनवर इमारतीचा गट उघडून हात जोडल्याची तीन चित्रे पाठवली. कोणी वाईट वागले नाही. बावीस बिऱ्हाडांत सिस्टरांना एकही वाईट माणूस भेटला नाही, आणि रविवारी संध्याकाळी जिन्यावर बसल्या तेव्हा त्यांना त्याचेच रडू येत होते.

राहिले होते फक्त काकांच्या समोरचे दार. तिथे शिकवणीच्या बाई राहत. गणित शिकवायच्या, आवाज खणखणीत, आणि घरी रात्री किल्ल्या घासण्याच्या आवाजावरून काकांशी त्यांचे सहा वर्षे बोलणे नव्हते. पाहणीच्या वेळी घरी नसलेले चार टक्के म्हणजे त्याच.

"मला रक्त बघवत नाही," बाईंनी दारातच सांगून टाकले.

"रक्त नाहीये आता. नाण्याएवढी जखम आहे."

"आणि तो माणूस मला बघवत नाही."

"ते मला माहीत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "बसू का जरा? दोन दिवस जिने चढतेय."

बाईंनी त्यांना बसवले. चहा ठेवला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बाकी कोणीच हो म्हणालं नाही का?"

"'नाही' असं कोणीच म्हणालं नाही. सगळे होच म्हणाले."

बाईंनी कप जरा जोरात ठेवला. "दाखवा काय करायचं ते. पण आधीच सांगते, मी बघणार दुसरीकडे."

पहिल्या दिवशी बाईंनी खरोखर भिंतीकडे बघत पट्टी बांधली. ती काकांच्या पायाऐवजी बरीचशी स्टुलाला बांधली गेली. तिसऱ्या दिवशी त्या एका डोळ्याने बघू लागल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या जखमेला दहापैकी गुण देऊ लागल्या. गुरुवारी सिस्टरांना फोन यायचा: "आज साडेसहा. कड गुलाबी आहे. पण काल चोरून साखरेचा चहा प्यायलाय, मी अर्धा गुण कापला." मागून काकांचा आवाज यायचा, "अर्धाच कप होता!"

सिस्टर तिकडे मोठ्या सभागृहात चाळीस-चाळीस जणींना प्रारूप शिकवत होत्या. सहा तासांत नमुना कसा भरायचा ते शिकवायचे होते. दार वाजवण्याला वेळापत्रकात जागा नव्हती. सिस्टर शेवटच्या पाच मिनिटांत पडद्यावरचा नमुना बंद करत आणि सांगत, "घरात गेलात की आधी बूट-चपलांत हात घालून बघा. लिहायचं काही नाही. नुसतं बघा." चाळिसांतल्या आठ-नऊ जणी खरोखर बघत. पहिल्या महिन्यात तीन खिळे, एक काचेचा तुकडा आणि एका आजींचे हरवलेले कानातले सापडले. यातले काहीही विभागाच्या आकडेवारीत नाही.

अकराव्या गुरुवारी फोन आला. बाई नुसतेच 'सिस्टर' म्हणाल्या.

"काय झालं?" सिस्टरांनी घाबरून विचारले.

"दहा," बाई म्हणाल्या. "दहापैकी दहा. मी आजवर कोणाला दिले नाहीत."

सिस्टरांनी तो तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू केला. काका आता कापडी बुटात जिना उतरून चौकापर्यंत जातात. बाई अजूनही रोज सकाळी त्यांचे दोन्ही तळपाय तपासतात आणि रोज सकाळी दोघांचे कडाक्याचे भांडण होते, असे खालच्या मजल्यावरून समजते.

वर्षअखेरीस विभागाचा अहवाल निघाला. 'समुदाय-आधारित काळजी पूर्णतः यशस्वी' या प्रकरणात इमारत नऊचे छायाचित्र होते. चोवीस बिऱ्हाडांच्या त्या समुदायात प्रत्यक्ष पट्टी बदलणाऱ्यांची संख्या एक होती. पण सरासरी काढताना ती सर्वांना सारखी वाटून देण्यात आली. समारंभ झाला. बँकवाल्यांना प्रमाणपत्र मिळाले, सरबतवाल्या जोडप्याला मिळाले, हात जोडणाऱ्या ताईंना मिळाले. बाईंना मिळाले नाही, कारण पाहणीत त्यांचे मत नोंदलेले नव्हते. त्यांनाही त्याचे काही वाटले नाही. समारंभाच्या वेळी त्या काकांचे पाय तपासत होत्या.

प्रमाणपत्रे देताना विभागाने 'सहभागा'ची व्याख्या उदार ठेवली आहे, हे सांगितले पाहिजे. चांगल्या कामाची हकिकत शेवटपर्यंत ऐकणे, त्या शिकवणीच्या बाईंबद्दल मनात कौतुक वाटणे, आणि अशी माणसे आपल्याही इमारतीत असायला हवीत असे क्षणभर वाटणे, एवढ्याने सहभाग पूर्ण होतो. तेव्हा आपले अभिनंदन. आपल्या शेजारच्या बंद दाराआड कोण आहे ते ठाऊक नसले तरी चालेल. प्रमाणपत्रावर नाव फक्त आपलेच घालायचे असते.